राजकन्या एलिझाबेथचा प्रश्न आणि देकार्तची दोन उत्तरे

आधुनिक पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या इतिहासात देकार्तच्या द्वैतवादावरील आक्षेप सांगण्याची एक ठराविक रीत पडून गेली आहे. चित् आणि जड ही दोन सर्वस्वी भिन्न द्रव्ये मानल्यावर त्यांची परस्परांवर क्रिया कशी घडते, असा प्रश्न उपस्थित करावयाचा. मेंदूतील पिनिअल ग्रंथीचा उल्लेख करून देकार्तचे उत्तर हास्यास्पद ठरवावयाचे. आणि मग मालब्रांश, स्पिनोझा व लायब्निट्स यांच्याकडे वळावयाचे. या मांडणीत प्रश्न उत्तरकालीनांच्या खाती जमा होतो, आणि देकार्त हा आपल्या सिद्धान्तातील उघड अडचण न दिसलेला विचारवंत ठरतो. वस्तुतः १६४३ च्या मे महिन्यात हा प्रश्न त्यास लेखी विचारण्यात आला होता. त्याने त्याचे दोनदा उत्तर दिले. ती उत्तरे बाजूस ठेवून त्याच्या द्वैतवादाविषयी निर्णय देणे धाडसाचे होय.

प्रश्न विचारणारी बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ त्या वेळी चोवीस वर्षांची होती. १६२० मध्ये तिच्या पित्याचे राज्य गेले आणि कुटुंब हॉलंडमध्ये हेग येथे आश्रयास आले. तिच्या पत्रांना पुष्कळ काळ केवळ चरित्रसाधनाचे मोल दिले गेले. एका विदुषीची जिज्ञासा व एका तत्त्वज्ञाचे सौजन्य यांपलीकडे त्यांत कोणी फारसे पाहिले नाही. ती पत्रे युक्तिवाद म्हणून वाचली पाहिजेत.

तिचा प्रश्न पाठ्यपुस्तकांतील प्रश्नाहून नेमका आहे. दोन विजातीय द्रव्यांत कार्यकारणसंबंध असू शकत नाही, असे सामान्य तत्त्व ती गृहीत धरीत नाही. कोणताही पदार्थ गतिमान होतो तो एक तर त्यास मिळालेल्या प्रेरणेने, किंवा ढकलणाऱ्याने ज्या रीतीने ढकलले त्या रीतीमुळे, किंवा ढकलणाऱ्याच्या पृष्ठभागाच्या गुणामुळे व आकारामुळे, असे ती म्हणते. पहिल्या दोहोंस स्पर्श हवा, तिसऱ्यास विस्तार हवा. देकार्तने आत्म्याच्या संकल्पनेतून विस्तार संपूर्णपणे वगळला आहे, आणि स्पर्श तर अमूर्त वस्तूस संभवतच नाही. मग आत्मा शरीरातील सूक्ष्म द्रवांना ऐच्छिक कर्माकडे वळवितो तो कसा? गतीविषयीची ही मीमांसा यांत्रिक पदार्थविज्ञानाची, म्हणजे देकार्तच्याच परंपरेची आहे. आक्षेप बाहेरून आलेला नाही; घरातलीच मापे लावून घर मोजले आहे.

आपल्या प्रकाशित ग्रंथांवरून हाच प्रश्न सर्वांत न्याय्यपणे विचारता येण्याजोगा आहे, अशी कबुली देकार्तने २१ मेच्या उत्तरात दिली. गासेंदीने १६४१ मध्ये असाच आक्षेप घेतला तेव्हा त्याची वृत्ती इतकी मोकळी नव्हती. उत्तराचा गाभा असा: आपल्या ठायी काही मूलभूत संकल्पना आहेत. शरीरासाठी विस्ताराची, आत्म्यासाठी विचाराची, आणि उभयतांच्या संयोगासाठी तिसरी, स्वतंत्र. एकीचे स्पष्टीकरण दुसरीच्या साह्याने करू जाणे हेच भ्रमाचे मूळ. गुरुत्वाचा गुण पदार्थास खाली नेतो असे आपण मानीत होतो, तेव्हा तो पदार्थास पृष्ठभागाने ढकलतो अशी कल्पना काही करीत नव्हतो. आत्मा शरीरास हलवितो हे समजण्यासाठीच मिळालेली संकल्पना आपण तेथे चुकीच्या जागी लाविली, एवढेच.

हे उत्तर टाकाऊ नव्हे. ‘कसे?’ या प्रत्येक प्रश्नास यंत्ररचना सांगूनच उत्तर द्यावे लागते असे नाही, हा त्यातील विचार गंभीर आहे, आणि ग्रंथीचा उपहास करणाऱ्यांनी तो बहुधा वाचलेलाच नसतो. परंतु ज्या गुरुत्वाची कल्पना देकार्तने स्वतःच पदार्थविज्ञानातून हद्दपार केली, ते येथे साक्षीस कसे चालेल, असे एलिझाबेथने जूनमध्ये लिहिले. दृष्टान्ताचा हेतू तिने थोडा आकुंचित करून घेतला असे म्हणता येईल. तथापि पुढे तिने जे लिहिले त्याने वादाचे स्वरूपच पालटते: अमूर्त वस्तूस शरीर हलविण्याचे व शरीराकडून हलविले जाण्याचे सामर्थ्य देण्यापेक्षा आत्म्यास जडत्व व विस्तार देणे आपणास अधिक सोपे वाटते.

२८ जूनचे दुसरे उत्तर अधिक विलक्षण आहे. आत्मा शुद्ध बुद्धीने कळतो, शरीर कल्पनाशक्तीचे साह्य घेणाऱ्या बुद्धीने कळते. संयोग मात्र इंद्रियांनीच स्पष्ट कळतो, आणि तो तत्त्वचिंतन न करणाऱ्यास, नित्य व्यवहारात व संभाषणात अधिक कळतो. भेद आणि संयोग ही दोन्ही एकाच वेळी स्पष्टपणे धारण करणे मानवी बुद्धीस शक्य नाही. म्हणून राजकन्येने आत्म्यास विस्तार खुशाल द्यावा. तसे करणे म्हणजेच आत्म्यास शरीराशी संयुक्त असा समजणे.

येथे देकार्तने फार मोठी किंमत मोजली आहे. जे स्पष्ट व विविक्त रीतीने अलग कल्पिता येते ते ईश्वराच्या सामर्थ्याने अलग असू शकते, या पायावर सहाव्या चिंतनातील भेदाचा सिद्धान्त उभा आहे. भूक, तहान, वेदना यांच्याद्वारे निसर्ग आपणास संयोग शिकवितो, हेही त्याच चिंतनात आहे हे खरे. पण तेथे इंद्रियांचा अधिकार देहरक्षणापुरता मर्यादित होता. पत्रात तीच इंद्रिये एका मूलभूत संकल्पनेचे प्रमाण होऊन बसतात.

ही फट एलिझाबेथच्या ध्यानी आली. आत्मा शरीर हलवितो एवढे इंद्रिये सांगतात; कोणत्या रीतीने हे सांगत नाहीत, असे तिने १ जुलैस उत्तर दिले. तेव्हा आत्म्याचे काही धर्म आपणास अज्ञात असू शकतील, आणि त्याच्या अविस्तृतपणाची सिद्धी त्यांनी कदाचित उलथून पडेल. विचारासाठी विस्तार आवश्यक नाही, पण तो विचाराशी विसंगतही नाही. आत्म्याच्या दुसऱ्या, तितक्याच आवश्यक व्यापारास तो लागत असेल. आणि जे पुरेसे कळले नाही त्याविषयी निर्णय देण्यातच प्रमाद आहे, हा तर चौथ्या चिंतनातला देकार्तचाच नियम. आर्नोनेही १६४१ मध्ये आपले ज्ञान पूर्ण आहे कशावरून, असे विचारले होते. पण त्या अपूर्णतेस संयोगाच्या प्रश्नाशी जोडणे हे एलिझाबेथचे स्वतःचे कार्य होय. उपलब्ध पत्रव्यवहारात या पत्राचे उत्तर नाही. नोव्हेंबरमध्ये दोघे वर्तुळांच्या एका भूमितीप्रमेयाची चर्चा करताना आढळतात.

आपल्याकडील वाचकास या ठिकाणी सांख्यांचा पंग्वंधन्याय आठवेल. तुलना मोहक असली तरी सावधपणे करावी. सांख्यमतात बुद्धी, अहंकार व मन ही प्रकृतीच्या बाजूची आहेत. इच्छा आणि निश्चय पुरुषाकडे नाहीत. देकार्तची रेषा त्यांच्या पलीकडून जाते, त्यामुळे जे तत्त्व हात उचलू इच्छिते तेच अविस्तृत ठरते. सांख्यांपुढची अडचण लहान नाही, पण ती दुसरी आहे.

देकार्तच्या मृत्यूनंतर शानूने आपल्या हाती आलेली तिची पत्रे प्रसिद्ध करण्याची अनुमती मागितली. ती तिने दिली नाही. १६५७ पासून क्लेर्सलिएने देकार्तची पत्रे छापली त्यांत एकच बाजू आली. एलिझाबेथची पत्रे आर्नहेमजवळील रोझेंदाल येथे सापडून फूशे द कारेयने १८७९ मध्ये प्रकाशित केली. म्हणजे दोन शतकांहून अधिक काळ वाचकांसमोर उत्तरे होती, प्रश्न नव्हता. तत्त्वज्ञानाच्या इतिहासाची जी चौकट आपण वापरतो ती याच काळात घडली, ही गोष्ट दुर्लक्षण्याजोगी नाही.

१६४५ च्या पत्रांत वाद दुसऱ्या वाटेने परततो. देकार्त तिच्या मंद ज्वराचे कारण दुःखात शोधतो. ती उलट, काही व्याधी विवेकशक्तीच हिरावून घेतात, असे दाखवून देते. १६४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भावनाविषयक ग्रंथाचा आद्य मसुदा तिने १६४६ मध्ये वाचला तो या पार्श्वभूमीवर. त्यातील नीतीचा भाग तिला पटला. शरीरव्यापारांविषयी मात्र तिने विचारले: प्रेम कधी एकटे येत नाही, त्यासोबत इच्छा व हर्ष किंवा इच्छा व शोक असतातच, मग प्रत्येक भावनेची रक्तातील हालचाल निराळी ओळखावी कशी? भावना नेहमी एकत्रच येतात असेही नाही, म्हणून निरनिराळ्या प्रसंगी शरीरात होणारे बदल आपण टिपत गेलो, असे देकार्तने मे महिन्यात कळविले. आत्मा शरीर कसे हलवितो, या प्रश्नाकडे त्या पत्रात तो वळला नाही.