भोंगा थांबल्यानंतर : गिरणगावाच्या दैनंदिनाचे वाचन

मुंबईच्या गिरणगावाविषयी मराठीत जे ललित लेखन झाले आहे, त्याचा विचार करू लागले की पहिली अडचण येते ती संज्ञेची. कष्टकऱ्यांच्या वस्तीत हळूहळू सधन वर्ग राहायला येतो, जागांचे भाव चढतात, दुकानांची रूपे पालटतात आणि मूळचे रहिवासी एकेक करून बाहेर पडतात; या प्रक्रियेला रूथ ग्लास या विदुषीने १९६४ साली लंडनच्या संदर्भात ‘जेंट्रिफिकेशन’ असे नाव दिले. ‘अभिजनीकरण’ हा त्याचा मराठी पर्याय होऊ शकेल. पण त्यात उगाच एक प्रतिष्ठा चिकटते. मला ‘पांढरपेशीकरण’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो. पांढरपेशा म्हणजे पांढरे कपडे वापरणारा. ज्या वस्तीने सव्वाशे वर्षे देशासाठी कापड विणले, ती वस्ती अखेर पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांच्या हाती जावी, ही विसंगती या शब्दात न सांगता आली आहे.

हे मी बुलढाणा जिल्ह्यात राहून लिहितो आहे, आणि या गोष्टीला माझ्या दृष्टीने काही अर्थ आहे. जलंब ते खामगाव हा लोहमार्गाचा लहानसा फाटा १८७० साली सुरू झाला तो प्रवाशांच्या सोयीसाठी नव्हे, कापसासाठी. खामगावची बाजारपेठ, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि मुंबईचे बंदर हे एकाच साखळीचे दुवे होते. पुढे मुंबईच्या गिरण्याही या साखळीत आल्या. कोकणातून आणि घाटावरून गिरणगावात माणसे गेली. वऱ्हाडातून त्या मानाने माणसे कमी गेली, कापूस गेला. म्हणून गिरणगावाचे साहित्य वाचताना आमच्याकडच्या वाचकाची स्थिती थोडी चमत्कारिक असते. ते जग त्याचे नाही, पण त्या जगाचे एक टोक त्याच्या शेतात आहे. या मुद्द्याकडे मी पुढे येणार आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप, त्यातले सुमारे अडीच लाख कामगार, संपाचे विघटन, गिरण्यांचे एकामागून एक बंद होणे हा इतिहास आता परिचित आहे. त्यानंतरचा जमिनीचा इतिहास तेवढा परिचित नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीपैकी सुमारे एकेक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांसाठी आणि सार्वजनिक गृहनिर्माणासाठी राखून ठेवला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. म्हणजे ज्या जमिनीवर गिरणीच्या इमारती उभ्या होत्या ती हिशेबातून वगळली गेली. उच्च न्यायालयाने २००५ साली दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये फिरवला आणि टॉवरांची वाट मोकळी झाली. एका नियमातील एका शब्दाच्या अर्थाने वस्तीचे भवितव्य ठरले, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने तरी नजरेआड करू नये.

तथापि माझा मुद्दा निराळा आहे. गिरणगावाच्या साहित्याविषयी बोलताना आपली समीक्षा दोन ठिकाणी थांबते : एक संप, दुसरा मॉल. संप ही घटना आणि मॉल हे प्रतीक. या दोहोंच्या मध्ये पंधरा-वीस वर्षांचा जो काळ आहे त्यात सांगण्यासारखे काही ‘घडत’ नाही. वाण्याची उधारी वाढत जाते. खानावळ चालवणाऱ्या बाईकडे जेवणारी माणसे कमी होतात. घरातला कर्ता पुरुष सकाळी उठतो, पण त्याला जायला जागा नसते. वस्तीचे रूपांतर खरे म्हणजे या काळात होते. इमारत पडते ती नंतर. आन्री लफेव्र याने दैनंदिन जीवनाला सामाजिक चिकित्सेचा विषय बनवले, त्याचे मर्म हेच आहे की सत्ता जशी कायद्यातून चालते तशी ती रोजच्या सवयींतूनही चालते. या दैनंदिनाचे वाचन करण्याची साधने आपण मराठीत पुरेशी घडवलेली नाहीत.

आपल्याकडे चाळीच्या ऱ्हासाचे वाङ्मयीन प्रारूप पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ने (१९५८) घालून दिले. त्या पुस्तकाच्या अखेरीचे चिंतन अनेकांना हेलावून गेले आहे; मलाही. पण त्यातला शोक कोणाचा आहे, हे पाहिले पाहिजे. तो चाळीतून वर गेलेल्या, ब्लॉकमध्ये सुस्थिर झालेल्या माणसाचा शोक आहे. चाळ मागे पडते, कारण माणसे पुढे गेली. हे प्रारूप इतके प्रभावी ठरले की पुढे चाळीविषयी लिहिणारा प्रत्येक जण, तो परळचा असो की लालबागचा, त्याच सुरात बोलू लागला : गॅलरीतल्या गप्पा, गणपती, एकाच्या घरची भाजी दुसऱ्याच्या ताटात. वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून हा सूर इतका गिरवला गेला आहे की त्याचे अनुभवमूल्य शून्यावर आले आहे. गिरगावी वळणाच्या मध्यमवर्गीय चाळीचा शोक गिरणगावाने उसना घेतला, आणि त्यामुळे मुख्य भेद झाकला गेला. गिरणी कामगाराची चाळ मागे पडली नाही. तिच्या पायाखालची जमीन महाग झाली. येथे माणसे वर गेलेली नाहीत. वर गेले आहेत ते जमिनीचे भाव.

स्मरणरंजन म्हणजे निव्वळ भाबडेपणा, असे मला म्हणायचे नाही. ते एक सोयीची चूक करते, एवढेच. वस्ती गमावणाऱ्याच्या आणि वस्ती सोडणाऱ्याच्या दुःखाला ते एकच भाषा देते.

या पार्श्वभूमीवर जयंत पवार यांचे लेखन वेगळे का ठरते ते पाहता येईल. त्याआधी नारायण सुर्वे यांचा उल्लेख आवश्यक आहे. ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या शीर्षकातच गिरणगावाकडे पाहण्याची एक रीत आहे. रस्ता, कारखाना, संप, सभा ही तेथे शिकण्याची ठिकाणे आहेत. माणूस तेथून काहीतरी होऊन बाहेर पडतो. बाख्तिनच्या परिभाषेत बोलायचे तर या कवितेतला कालावकाश हा रस्त्याचा आहे. काळ तेथे पुढे सरकतो. गिरणीचा भोंगा हे त्या काळाचे परिमाण होते. तो पाळीवरच्या माणसासाठी वाजत असला तरी चूल, नळ, शाळा, झोप हे सारे त्याच्या हिशेबाने चाले. भोंगा थांबला म्हणजे केवळ आवाज थांबला नाही. काळ मोजण्याचे सामाईक साधन गेले. ज्याने त्याने आपापला काळ मोजायचा, अशी वेळ आली.

‘अधांतर’ (१९९७) या नाटकाची सुरुवात या अवस्थेपासून होते, असे मी मानतो. संप नाटकाच्या पार्श्वभूमीला आहे. रंगमंचावर आहे ती गिरणी कामगाराच्या कुटुंबाची एक खोली. तेथे एक आई आहे, लेखक होण्याची आकांक्षा बाळगणारा आणि त्या आकांक्षेखाली चिरडत चाललेला मुलगा आहे, गुन्हेगारीकडे वळलेला मुलगा आहे, मुलगी आहे. कोणी येते, कोणी जाते, पैशांवरून वाद होतात, कोणी कोणाला टोचून बोलते. पहिल्या वाचनात हे कौटुंबिक वास्तववादी नाटक वाटते, आणि काही अंशी ते तसे आहेही. त्याच्या नाट्यरचनेत परिचित युक्त्या नाहीत असे म्हणता येणार नाही. परंतु रस्त्याचा कालावकाश येथे उंबरठ्याच्या कालावकाशात बदलला आहे. बाख्तिनने उंबरठ्याला संकटाचे आणि निर्णयाचे स्थान मानले. पवारांच्या खोलीत संकट आहे, पण निर्णय घेण्याचे सामर्थ्य कोणाच्याच हाती नाही. खोलीबाहेर जी शक्ती काम करते आहे तिचे नाव नाटकात कोणी घेत नाही, कारण १९९७ साली तिला या लोकांच्या भाषेत नाव नव्हते. मॉल अजून यायचा होता. पण त्याच्यासाठी जागा होऊ लागली होती ती याच खोलीत, एका घरातल्या माणसांचा परस्परांवरचा विश्वास हळूहळू संपत जाण्यातून.

याच नाटकावर महेश मांजरेकर यांनी २०१० साली ‘लालबाग परळ’ हा चित्रपट केला. त्याचा पल्ला मोठा, प्रेक्षकही मोठा. पण माध्यम बदलताना टोळी आणि रक्तपात यांचे वजन वाढले आणि खोलीचे वजन घटले. पुन्हा घटना, पुन्हा नाट्य. दैनंदिन तेथे पार्श्वभूमीला गेले.

पुढे पवार कथेकडे अधिक वळले. २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या त्यांच्या संग्रहाचे नाव ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ असे आहे. फिनिक्स हे मिथकातल्या पक्ष्याचे नाव, ते परळच्या एका गिरणीचे नाव, आणि आज तेच तेथल्या मॉलचे नाव. गिरणीच्या आवारात १९९० च्या दशकाच्या अखेरीस बोलिंगचे खेळघर आले, मग दुकाने आली, मग मॉल. नाव मात्र टिकले. पांढरपेशीकरणाची ही खास रीत आहे : माणसे जातात, चिमणी उरते आणि तिची शोभा होते. मिथकानुसार राखेतून तोच पक्षी पुन्हा उठायला हवा; पवारांच्या शीर्षकात उठतो तो मोर. विकासाच्या परिभाषेत ज्याला ‘पुनर्विकास’ म्हणतात त्यातील ‘पुनः’ या उपसर्गावरच हे शीर्षक बोट ठेवते. तेच पुन्हा होत नाही.

नावांचा प्रश्न आणखी थोडा पुढे नेता येईल. लोअर परळमधील टॉवरांच्या जाहिरातींतून ‘अप्पर वरळी’ असे एक स्थळनाम प्रचारात आणले गेले. ‘लोअर’चे ‘अप्पर’ झाले, परळची वरळी झाली. जमीन जागची हलली नाही. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे २०१८ साली प्रभादेवी झाले, त्यामागचे कारण निराळे होते. पण त्याआधीच्या वर्षी, २९ सप्टेंबर २०१७ रोजी, त्याच स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत वीसहून अधिक माणसे गेली. आजूबाजूच्या गिरण्यांच्या जागी कार्यालये आली, येणाऱ्या-जाणाऱ्यांची गर्दी वाढली, जिना तेवढाच अरुंद राहिला. जिना चढणे यासारखी क्षुल्लक रोजची कृती वस्तीच्या रूपांतराचा सगळा हिशेब एका सकाळी पुढे मांडू शकते. मराठी कथेने या जिन्याकडे पाहिले पाहिजे होते. वृत्तपत्रांनी पाहिले, आठवडाभर.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो न्याय्य आहे. चाळीत राहणाऱ्यांनाच चाळ नको होती, त्याचे काय? सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या, एका खोलीत सासू-सासरे, दीर आणि मुले यांच्यात संसार केलेल्या बाईला स्वतंत्र मोरी आणि बंद होणारे दार हवे असेल, तर त्याला ‘समूहभावाचा लोप’ म्हणण्याचा अधिकार आम्हा समीक्षकांना कोणी दिला? मला हा आक्षेप मान्य आहे. किंबहुना गिरणगावाच्या साहित्याची मोठी उणीव ही आहे की त्यातले दैनंदिन बहुतांशी पुरुषाच्या बेकारीच्या अंगाने लिहिले गेले. गावाहून एकट्या आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या स्त्रियांनी ही वस्ती अक्षरशः पोसली. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले ते या स्त्रियांसाठी. गिरण्या बंद झाल्यावर त्यांच्या चुलीचे काय झाले, याची कादंबरी व्हायला हवी होती. पुनर्विकासात खोली मिळालेल्या कुटुंबाच्या हाती पुढे मेंटेनन्सचे बिल पडते आणि काही वर्षांत ती जागा विकून ते बदलापूर-विरारकडे सरकते, तेव्हा तो निर्णय घरात कोण घेते, कोण गप्प राहते? बंद होणारे दार हवे असणे आणि ते दार टिकवता न येणे, या दोन्ही गोष्टी एकत्र धरील अशी संहिता मला हवी आहे. केवळ शोक किंवा केवळ प्रगती यांतल्या एकीची बाजू घेणारी संहिता सोपी असते.

आता कापसाच्या टोकाकडे. आमच्याच जिल्ह्यातले कादंबरीकार सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (२००२) आपण ‘ग्रामीण’ या कप्प्यात ठेवतो आणि ‘अधांतर’ ‘महानगरी’ किंवा ‘कामगार’ या कप्प्यात. अभ्यासक्रमांत ही दोन पुस्तके बहुधा एकमेकांना भेटत नाहीत. ती शेजारी ठेवून वाचली तर काय दिसते? एकीकडे शेतकऱ्याच्या घरातला शिकलेला, नोकरी नसलेला एकनाथ. दुसरीकडे कामगाराच्या खोलीतला शिकलेला, कुठेच न पोहोचलेला मुलगा. दोन्ही घरांत आईच्या वाट्याला मध्यस्थी. दोन्ही घरांत शिक्षणाने दिलेले शब्द आहेत आणि ते शब्द वापरायला जागा नाही. शेत आणि गिरणी ही कापसाची दोन टोके होती. दोन्हींकडे उत्पादनापेक्षा जमिनीचा भाव मोठा ठरत गेला. आमच्या गावांच्या वेशीवर, रस्त्यालगत, शेताचे ‘ले-आउट’ पडतात आणि चुन्याच्या रेषा मारल्या जातात, तेव्हा तीच प्रक्रिया लहान आकारात चाललेली असते. ग्रामीण आणि महानगरी या कोटींनी मराठी समीक्षेला एकेकाळी बरेच दिले. या प्रक्रियेपुढे मात्र त्या कोटी आंधळ्या आहेत, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

एम.ए.च्या वर्गात ‘अधांतर’ शिकवताना मला दर वर्षी ‘भोंगा’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागतो. आजच्या मुलांना भोंगा म्हणजे ध्वनिक्षेपक. मागे एका विद्यार्थ्याने अर्थ ऐकून घेतला आणि सांगितले की त्याचा थोरला भाऊ लोअर परळला एका टॉवरच्या फाटकावर पहारेकरी आहे, बारा तासांची पाळी. पूर्वी तेथे गिरणी होती, हे भावाला ठाऊक नव्हते. फाटकाजवळ एक जुनी चिमणी आहे एवढे त्याने फोनवर सांगितले होते. घरी चार एकर कापूस आहे, असेही तो विद्यार्थी सहज बोलून गेला. वर्गात त्यावर कोणी काही बोलले नाही, आणि मी पुढचा प्रवेश वाचायला घेतला.