नाका, चौक आणि तारपा : पौगंडस्मृतीच्या मराठी रूपाविषयी

१

पौगंडावस्थेच्या आठवणी हा आधुनिक मराठी गद्याचा एक स्थिरावलेला प्रांत आहे. कथा, कादंबरी, ललित लेख आणि आत्मचरित्राचा आरंभीचा भाग या सर्व प्रकारांत त्याचे एक ठरावीक रूप आढळते : उपनगरातील एखादा कट्टा किंवा नाका, चारपाच मित्रांचे टोळके, शाळा सुटल्यानंतरची लांबलेली संध्याकाळ, दुरून पाहिलेली एखादी मुलगी आणि अखेर त्या टोळक्याचे अपरिहार्य विखुरणे. या रूपाला स्मरणरंजन म्हणण्याची पद्धत आहे. परंतु त्या शब्दात रंजनावर जो भर पडतो त्यामुळे त्यातील वाङ्मयीन यंत्रणा झाकली जाते. आठवण रम्य का होते, हा मानसशास्त्राचा प्रश्न झाला. कोणाची आठवण रम्य होऊ शकते आणि त्यासाठी कोणत्या गोष्टी आधीच गृहीत धराव्या लागतात, हा समीक्षेचा प्रश्न आहे.

योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बासल येथील आपल्या प्रबंधात ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडविला, तो घरापासून तुटलेल्या माणसाच्या आजाराचे नाव म्हणून. त्या अर्थी ही व्यथा स्थळाची होती. पुढे ती काळाची झाली; ज्या गावी परत जाता येते त्याची नव्हे, तर ज्या वयात परत जाता येत नाही त्याची. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कालव्यथेला तिचे सर्वांत लोकप्रिय दृश्यरूप मिळाले ते जॉर्ज लुकास यांच्या ‘अमेरिकन ग्राफिटी’ (१९७३) या चित्रपटात. कॅलिफोर्नियातील मोडेस्टो या गावी १९६२ च्या उन्हाळ्यातील एका रात्री तरुण मुले मोटारी घेऊन मुख्य रस्त्यावर निरुद्देश फेऱ्या मारीत राहतात, एवढेच त्याचे कथानक. फ्रेडरिक जेमसन यांनी स्मरणरंजनपर चित्रपटांच्या प्रवाहाचा आरंभ याच कृतीपाशी मानला. मात्र या चित्रपटाच्या शेवटी पात्रांच्या पुढील आयुष्याविषयी ज्या ओळी पडद्यावर येतात, त्यांत एक जण व्हिएतनाममध्ये बेपत्ता झाल्याचे कळते. त्या रात्रीच्या मोकळेपणाची किंमत कथेत नाही, ती कथेच्या कडेला नोंदविलेली आहे. स्मरणरंजनाचा विचार करताना ही कड महत्त्वाची ठरते.

२

मराठी उपनगरी मुलाजवळ मोटार नव्हती. त्याचे हिंडणे पायी किंवा भाड्याच्या सायकलवर झाले. म्हणून मराठीत या अनुभवाचे केंद्र रस्ता न होता रस्त्याकडेची जागा झाली. बाख्तिन यांनी कादंबरीतील काळ आणि अवकाश यांच्या एकजीव बंधाची जी संकल्पना मांडली, तिच्या आधारे नाका हा मराठी पौगंडकथेचा कालावकाश आहे, असे म्हणता येते. नाक्यावर उभा असलेला मुलगा स्थिर असतो आणि जग त्याच्यासमोरून जाते. तो पाहणारा असतो. करणारा अद्याप झालेला नसतो.

भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ (१९६५) या कादंबरीने या जागेला मराठी साहित्यात नाव दिले. तिच्यावर अश्लीलतेच्या आरोपावरून जे वादळ उठले, त्या गदारोळात एक गोष्ट दुर्लक्षित राहिली : या कादंबरीत नाक्याचे रंजन नाही. पोक्याचे निवेदन आठवणीच्या सुरात येत नाही, ते नाक्याच्या भाषेतच येते; आणि ज्या मुलींकडे हे टोळके पाहते त्यांच्या वाट्याला त्या पाहण्याचे जे परिणाम येतात, ते निवेदकाला नीट उमगले नाहीत तरी वाचकाला दिसत राहतात. उलट मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) मध्ये नववीतल्या मुकुंद जोशीचे जग आणीबाणीच्या काळातील एका लहान शहरवजा उपनगरात उभे राहते. अर्धवट बांधलेल्या इमारतीतील मित्रांची बैठक, वर्गातील शिरोडकरविषयीची ओढ आणि वर्षाच्या अखेरीस होणारी पांगापांग यांतून एक विलक्षण नेमके भावविश्व साकार होते. या कादंबरीला लाभलेली लोकप्रियता आपल्या सर्वांचे पौगंड असेच होते, या वाचकाच्या प्रत्ययावर उभी आहे. येथे प्रश्न ‘शाळा’च्या गुणवत्तेचा नाही; तो या ‘आपल्या सर्वांचे’ या शब्दप्रयोगाच्या व्याप्तीचा आहे.

या रूपामागे तीन गृहीते आहेत. पहिले, रिकामा वेळ : शाळा आणि घर यांच्यामध्ये असा काळ की ज्यावर कोणाचा हक्क नाही. दुसरे, निर्धास्त जागा : जेथे उभे राहिल्याबद्दल कोणी हिशेब मागत नाही. तिसरे, समवयस्क वाचक : ज्याला त्या जागेची खूण सांगावी लागत नाही. ही तिन्ही गृहीते ज्या ठिकाणी एकदमच कोसळतात अशा ठिकाणी हे रूप नेऊन पाहिले, तर त्याची मर्यादा स्पष्ट होते.

३

पश्चिम रेल्वेची उपनगरी सेवा एप्रिल २०१३ मध्ये विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत गेली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. म्हणजे वाहतुकीच्या नकाशात उपनगराची कड आता डहाणूला आहे. त्या कडेच्या पूर्वेस, डहाणू तालुक्यातच, गंजाड हे वारली वस्तीचे गाव आहे. मराठी वाचकाला ते माहीत असले तर एकाच नावामुळे : जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८). विवाहप्रसंगी सुवासिनींनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याची जी विधिबद्ध परंपरा होती, तिच्याबाहेर पडून, विधीखेरीज आणि पुरुषाच्या हाताने, रोज चित्र काढणारा हा चित्रकार. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी यांनी कागद आणून दिला आणि भिंतीवरचे चित्र कागदावर उतरले; २०११ साली म्हसे यांना पद्मश्री मिळाली.

त्यांच्या पौगंडाविषयी एकच गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. अकराव्या वर्षाच्या सुमारास आई गेली, मुलाने बोलणे सोडले आणि पुढे कित्येक वर्षे तो मातीत रेघा ओढून आपले म्हणणे सांगत राहिला. चरित्रकथांना दंतकथेची जी झाक येते ती येथे गृहीत धरली, तरीही हा तपशील सूचक आहे. नाक्यावरचे पौगंड म्हणजे अखंड बोलणे. गंजाडचे हे एकमेव ज्ञात पौगंड म्हणजे मौन. आणि ते वर्ष साधारण १९४५ चे येते. त्याच वर्षी मे महिन्यात झरी येथे वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या समुदायावर पोलिसांनी गोळीबार केला. या दोन घटनांचा आणि एका मुलाच्या मुकेपणाचा कार्यकारणसंबंध जोडणे हा अतिप्रसंग होईल. परंतु त्या मुलाचे समवयस्क कोणत्या परिसरात वाढत होते, हे त्यातून कळते.

त्या परिसराची लेखी नोंद गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात आहे. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. या पुस्तकातून मराठी वाचकाला ‘लग्नगडी’ हा शब्द ठाऊक झाला : लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून थोडे पैसे उचलणारा आणि त्या बदल्यात बायकोसह त्याच्या घरी राबत राहणारा तरुण. ज्या लग्नासाठी भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहिला जातो, तेच लग्न या वेठीचे प्रवेशद्वार होते. उपनगरी कथेत पौगंडाचा शेवट मित्रांच्या पांगण्याने होतो. येथे तो गहाण पडण्याने झाला.

आता म्हसे यांच्या चित्रांकडे पाहावे. तारपा वाजविणारा मध्ये, त्याच्याभोवती हातात हात गुंफलेल्या स्त्रीपुरुषांची वळत जाणारी साखळी. नाक्याच्या नेमकी उलट अशी ही रचना आहे. नाक्यावर मुलगे उभे असतात आणि मुली जातात. तारप्याच्या वळणात दोघेही चालत असतात आणि बाहेर उभे राहून पाहणारा कोणी नसतो. शिवाय या चित्रात भूतकाळाचे चिन्ह नाही. भात तयार झाले की तारपा वाजतो, पुढच्या वर्षी तो पुन्हा वाजेल. ‘तेव्हा आपण तरुण होतो’ हे वाक्य या रेषेत उच्चारता येत नाही. आठवण येथे वयाला नव्हे, हंगामाला बांधलेली आहे.

परंतु या चित्रात लग्नगडी दिसत नाही. चौक रंगतो, कर्ज दिसत नाही. उलट परुळेकरांच्या ग्रंथाची दृष्टी वेठीवर आणि जागृतीवर खिळलेली आहे. त्यातील तरुण हा राबणारा आणि पुढे लढणारा आहे, त्याचे उनाडपण त्या कथनाच्या प्रयोजनात बसत नाही. गंजाडचे पौगंड असे दोन नोंदींच्या मधल्या फटीत पडलेले आहे : एकीकडे कर्जाविना नाच, दुसरीकडे नाचाविना कर्ज. या दोहोंना एकत्र धरणारे गद्य मराठीत अजून रुजलेले नाही. त्या अभावाचे खापर चित्रकारावर वा कार्यकर्तीवर फोडण्यात अर्थ नाही. दोघांनीही आपापल्या माध्यमाच्या प्रयोजनाशी इमान राखले. मात्र दोन वगळण्यांतील फरक ध्यानात घेतला पाहिजे. उपनगरी आठवण जे वगळते त्याची किंमत दुसऱ्याने मोजलेली असते. चौकातून जे वगळले गेले त्याची किंमत चौक लिहिणाऱ्यांनीच मोजली होती. पहिले वगळणे हा विसर आहे. दुसरे एका दिवसापुरता घेतलेला विसावा आहे.

४

यावर असा आक्षेप येऊ शकतो की ही तुलनाच असमान आहे. उपनगर आणि गंजाड ही दोन वेगळी अनुभवविश्वे असून एकाच्या मोजपट्टीने दुसरे मोजणे अन्याय्य आहे. या आक्षेपाचे उत्तर ‘नाका’ या शब्दातच मिळते. हा शब्द मुळात जकात वसूल करण्याच्या जागेचा, वाटेवरच्या चौकीचा. उपनगरात तो टोळक्याच्या उभे राहण्याची जागा झाला. पण त्याच उपनगरात, त्याच कोपऱ्यावर, सकाळच्या प्रहरी दुसरीही माणसे उभी असतात : दिवसाच्या रोजगारासाठी मुकादमाची वाट पाहणारे मजूर. भातकापणी आणि दिवाळी आटोपली की डहाणू, तलासरी, जव्हार या भागांतील कुटुंबे वसई, भिवंडी, ठाण्याकडे वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर जातात. त्यांत पंधरासोळा वर्षांची मुले-मुलीही असतात. संध्याकाळी जो नाका रिकाम्या वेळेचा असतो, तो सकाळी श्रमाच्या बाजाराचा असतो. एकाच वयाचे दोघे एकाच जागी उभे राहतात, फक्त प्रहर वेगळे. उपनगरी स्मृती ही संध्याकाळची स्मृती आहे.

म्हणजे ही दोन विश्वे वेगळी नाहीत. एक दुसऱ्याच्या बांधकामात आहे. ज्या अर्धवट इमारतींत उपनगरी मुलांच्या बैठका रंगल्या त्या कोणीतरी बांधीत होते, आणि ते बांधणारे हात बऱ्याचदा त्यांच्याच वयाचे होते. कोणत्याही एका कादंबरीने हे सांगायलाच हवे, अशी मागणी करता येत नाही. निवेदक मुलगा जेवढे पाहतो तेवढेच सांगणे हे कलेचे सत्य असते. परंतु समीक्षेने तरी निवेदकाच्या दृष्टीची सीमा हीच वास्तवाची सीमा मानू नये. रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) मध्ये दाखविले की प्रत्येक पिढी हरवलेले सुवर्णयुग आपल्या किंचित मागे ठेवते, आणि त्या सुवर्णयुगातील शेतात राबणारी माणसे चित्रातून पुसली जातात. मराठीत या पुसण्याला समीक्षेच्या वर्गीकरणाचाही हातभार लागला. नागर, ग्रामीण, दलित, आदिवासी असे कप्पे पाडले गेले. १९७९ साली भद्रावती येथे भरलेल्या पहिल्या आदिवासी साहित्य संमेलनानंतर आदिवासी लेखनाला स्वतःचे व्यासपीठ मिळाले, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु समीक्षेने त्या व्यासपीठाचा कप्पा केला. परिणामी ‘शाळा’ आणि ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ही पुस्तके एका अभ्यासपत्रिकेत क्वचितच शेजारी येतात. संबंध वाचण्याची जागाच उरत नाही.

५

दरम्यान स्मरणरंजन स्वतःच गंजाडपर्यंत पोहोचले आहे, पण वेगळ्या वाटेने. वारली रेषा आज कुडत्यांवर, कपांवर, गृहसंकुलांच्या कुंपणभिंतींवर दिसते. २०१४ मध्ये या चित्रशैलीला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले. उपनगरी ग्राहक या चित्रांत जे पाहतो ते वारल्यांचे जीवन नसून त्याचे स्वतःचे हरवलेले निरागसपण असते. हंगामाच्या पुनरावृत्तीचे चित्र अशा रीतीने भूतकाळाचे चित्र म्हणून विकले जाते. ज्यांना आपली पौगंडस्मृती लिहिण्याचा अवसर मिळाला नाही, त्यांच्याच रेषेतून इतरांची स्मृती सजते. ‘आदिम’, ‘निष्पाप’, ‘कालातीत’ ही विशेषणे वापरणारी कलासमीक्षा या व्यवहारात निःपक्ष राहत नाही. नंतरच्या वारली चित्रकारांनी आगगाडी, एसटी, सायकल, विमान यांना त्याच पांढऱ्या रेषेत जागा दिली. शुद्धतेच्या आग्रहाने त्यांकडे पाहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावयास हवे की काळाची नोंद चित्रात प्रथम शिरली ती याच आकृत्यांमधून.

पौगंड ही वयाची सर्वसाधारण अवस्था असली, तरी साहित्यातील पौगंड हा वेळेच्या वाटपाचा प्रश्न आहे. ज्याला रिकामी संध्याकाळ मिळाली त्याला आठवण मिळाली, ज्याला आठवण मिळाली त्याला रूप मिळाले, आणि रूप रूढ झाल्यावर ते सर्वांचे मानले गेले. डहाणू लोकलने बोईसरच्या कारखान्यांकडे किंवा त्याहून पुढे कामाला जाणाऱ्या आजच्या मुलामुलींना कदाचित थोडी संध्याकाळ मिळते : फलाटावर, बाजाराच्या दिवशी, परतीच्या गाडीची वाट पाहताना. तिचे गद्य कोणत्या भाषेत लिहिले जाईल, वारली बोलीत की प्रमाण मराठीत, हे त्यांनी ठरवावयाचे आहे. ते नाक्याच्या कथेसारखे असेलच असे नाही. त्यात आठवण आणि हिशेब एकाच वाक्यात येण्याची शक्यता अधिक. तसे झाल्यास मराठी समीक्षेला स्मरणरंजन ही संज्ञा पुन्हा तपासावी लागेल. तोवर निदान एवढे शक्य आहे की नाक्यावरची प्रत्येक संध्याकाळ वाचताना त्याच नाक्यावरची सकाळही वाचली जावी.