पोहता येणाऱ्यांचाच तलाव

आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला कॉम्प्युटरच्या अभ्यासक्रमातलं काय कळतं? प्रोग्रॅमिंगमधलं आम्हाला काहीही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण शिकायला लायक कोण, आणि ते ठरवणार कोण, हा प्रश्न आमच्या आळीतला आहे. म्हणून हे धाडस.

अमेरिकेत हायस्कूलची मुलं ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’च्या परीक्षा देतात. शाळेत असतानाच कॉलेजच्या तोडीचा विषय शिकायचा, आणि कॉलेज बोर्ड नावाची संस्था त्याची परीक्षा घेते. कॉम्प्युटर सायन्सची अशी परीक्षा 1984 पासून आहे. आधी पास्कल होती, मग सी प्लस प्लस आली, पुढे जावा. भाषा बदलल्या, वर्गातले चेहरे फारसे बदलले नाहीत. 2013 सालच्या परीक्षेचे राज्यवार आकडे बार्बरा एरिकसन यांनी मांडले तेव्हा बराच गवगवा झाला. 11 राज्यांत एकाही कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने ही परीक्षा दिली नव्हती. मिसिसिपी आणि मोंटानात एकही मुलगी बसली नव्हती.

असं का होतं याचा शोध त्याआधीच कोणीतरी घेतला होता. जेन मार्गोलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ‘स्टक इन द शॅलो एंड’ हे पुस्तक 2008 मध्ये आलं. त्यासाठी त्यांनी लॉस एंजेलिसच्या तीन सरकारी शाळा पाहिल्या. पुस्तकाचं नाव पोहण्याच्या तलावावरून घेतलं आहे. काळ्या लोकांना पोहता येत नाही, अशी तिकडे जुनी समजूत. तिला ‘शास्त्रीय’ कारणंही चिकटवली गेली: त्यांचं शरीर म्हणे तरंगतच नाही! खरी गोष्ट एवढीच, की तलाव आणि किनारे त्यांना वर्षानुवर्षं बंद होते. ज्याला पाण्यात उतरू दिलं नाही त्याला पोहता येत नाही, आणि मग न येणं हाच त्याचा स्वभाव ठरतो. (मराठी श्रोत्याला इथे 1927 सालचं महाडचं चवदार तळं आठवणारच. तुलना फार ताणत नाही, पण आठवण येणं स्वाभाविक आहे.) कॉम्प्युटरचंही तसंच. गरीब वस्तीतल्या शाळेत यंत्रं होती, पण त्यांच्यावर शिकवलं जायचं ते टायपिंग आणि इथलं उचलून तिथे चिकटवणं.

मार्गोलिस यांचा सगळ्यांत मोलाचा विचार म्हणजे, आमच्या शब्दांत सांगायचं तर, तयारीची मिरासदारी. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे, शिकवणारा बाप किंवा भाऊ आहे, ती मुलं वर्गात येतात तीच पुढे असतात. शिक्षक त्या पुढे असण्याला बुद्धी म्हणतात.

आपल्याकडे याला ‘अधिकार’ असा शब्द आहे. ब्रह्मसूत्रांच्या अगदी पहिल्या शब्दाशी, ‘अथ’पाशी, शंकराचार्य थांबतात. ‘यानंतर’ म्हणजे कशानंतर? तर विवेक, वैराग्य वगैरे चार साधनं अंगी आल्यानंतर. बरं, पूर्वतयारी मागण्यात वावगं काही नाही. पण त्याच ग्रंथात पुढे अपशूद्राधिकरण येतं, आणि तिथे तयारी विचारत नाहीत, जन्म विचारतात. तयारीच्या वेशात जन्म कधी आत शिरतो हे दारावरच्या माणसाला कळत नाही, ही अडचण.

आम्हालाही कळलं नव्हतं. आम्ही तीसेक वर्षं तर्कशास्त्र शिकवलं. फळ्यावर सत्यताकोष्टक मांडलं, की पुढच्या बाकावरची दोन-तीन मुलं उत्तर सांगून मोकळी व्हायची. त्यांना आम्ही तल्लख म्हणायचो, आणि वर्गाचा वेगही त्यांच्यावरच बेतायचो. तालुक्याच्या गावाहून आलेली एक मुलगी मागे वर्षभर गप्प बसली होती. वार्षिक परीक्षेत तिचा पेपर वाचला तेव्हा कळलं, की तिला सगळं समजत होतं. इंग्रजी संज्ञा मनातल्या मनात मराठीत करून घेईपर्यंत आम्ही पुढच्या उदाहरणाला गेलेलो असायचो, इतकंच. त्या तल्लखांपैकी एकाचे वडील गणिताचे प्राध्यापक होते. आम्ही त्याची बुद्धी जोखत होतो की त्याचं घर, हा प्रश्न तेव्हा मनातही आला नाही.

असो. तिकडे सुधारणा झाल्या. लॉस एंजेलिसमध्ये ‘एक्सप्लोरिंग कॉम्प्युटर सायन्स’ हा अभ्यासक्रम निघाला. माणूस आणि यंत्र यांच्या नात्यापासून तो सुरू होतो, प्रोग्रॅमिंग बऱ्याच उशिरा येतं. मग 2016 पासून कॉलेज बोर्डाचा ‘कॉम्प्युटर सायन्स प्रिन्सिपल्स’ आला. त्याला ठरावीक भाषेची सक्ती नाही. इंटरनेट, माहितीसाठे, समाजावरचे परिणाम असं बरंच त्यात आहे. पहिल्याच वर्षी 40 हजारांहून अधिक मुलांनी परीक्षा दिली. मुलींचं, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांचं प्रमाण जावाच्या परीक्षेपेक्षा जास्त होतं. हे यश खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही.

आमची पहिली हरकत या सुधारणांमागे कधी कधी डोकावणाऱ्या एका समजुतीला आहे: मुलींना माणसांत रस, मुलांना यंत्रांत, म्हणून मुलींसाठी विषय जरा माणसाळवा. म्हणजे ज्या ‘स्वभावा’ला पुढच्या दाराने घालवलं, तोच मागच्या दाराने आत! कार्नेगी मेलन विद्यापीठाचं उदाहरण बघा. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षात मुली 1995 मध्ये शेकडा 7 होत्या, 2000 मध्ये शेकडा 42 झाल्या. हे मार्गोलिस यांच्याच आधीच्या कामातलं यश. तिथल्या लेनोर ब्लम आणि कॅरल फ्रीझ ठासून सांगत आल्या, की मुलींसाठी वेगळा, मऊ अभ्यासक्रम आम्ही केला नाही. आधी प्रोग्रॅमिंग येतं का, याला प्रवेशात असलेलं वजन कमी केलं. ज्यांना येतं आणि ज्यांना येत नाही, त्यांना सुरुवात वेगवेगळ्या पायरीवरून दिली. हायस्कूलच्या शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग घेतले. पाणी तेवढंच खोल राहिलं, उतरायची पायरी बांधली.

दुसरी हरकत जास्त गंभीर. प्रिन्सिपल्स आला, पण जावाचा जुना वर्ग तसाच राहिला. दोन दारं झाली. शाळेला दोन्ही परवडत असतील तर ठीक, पहिल्यातून दुसऱ्यात जाता येतं. कॉलेज बोर्डाच्या 2020 च्या अभ्यासानुसार प्रिन्सिपल्स केलेली मुलं तशाच इतर मुलांच्या मानाने पुढे कॉम्प्युटर सायन्स सुमारे तिप्पट प्रमाणात घेतात. परीक्षा घेणाऱ्याने स्वतःच्या परीक्षेबद्दल केलेला हा अभ्यास, तरी तो खरा धरू. पण ती सरासरी आहे. ज्या शाळेत प्रिन्सिपल्सचा वर्ग आहे आणि जावा शिकवणारा शिक्षकच नाही, तिथल्या मुलीने पुढे जायचं कुठे? ती परीक्षेला बसली, म्हणून आकड्यांत यशस्वी मोजली गेली. आणि बसली आहे ती उथळ टोकालाच. मार्गोलिस यांच्या पुस्तकाचं नावच उलटून सुधारणेवर येतं ते इथे.

आणखी एक, थोडं आमच्या धंद्याचं दुखणं म्हणा. सुरुवातीला प्रिन्सिपल्सच्या गुणांत ‘एक्सप्लोअर’ नावाचं एक काम होतं. संगणकातली एखादी नवी गोष्ट निवडायची, आणि तिने समाजाचं भलं-बुरं काय केलं ते स्वतः शोधून लिहायचं. 2020-21 पासून ते काढलं, प्रोग्रॅम तयार करायचं काम ठेवलं. आता त्याच्या जागी उतारा देऊन 5 बहुपर्यायी प्रश्न विचारतात. शाळांवरचा बोजा कमी झाला असेल. पण ज्या मुलांना ‘हे यंत्र आमच्या वस्तीचं काय करतं’ असं विचारायचं होतं, ती ज्या वर्गात पहिल्यांदा मोठ्या संख्येने आली, त्याच वर्गातून तो प्रश्न स्वतःच्या शब्दांत लिहायची जागा गेली.

वेळ झाली. जावा शिकवणारे कोणी बसले असतील तर त्यांनी आधी बोलावं. आम्ही कुठे चुकलो ते आम्हाला ऐकायचं आहे.