‘भाषेचे जनुक’ : एका शब्दप्रयोगाची चिकित्सा

‘भाषेचे जनुक’ हा शब्दप्रयोग आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून आता सर्रास आढळतो. त्यामागील संशोधन भक्कम आहे. शब्द मात्र दिशाभूल करणारा आहे.

लंडनमधील ‘के. ई.’ कुटुंबाच्या तीन पिढ्यांतील सुमारे निम्म्या व्यक्तींना बोलण्यात तीव्र अडचण होती. १९९० साली मिर्ना गोपनिक यांनी हा दोष मूलतः व्याकरणाचा मानला. १९९५ साली फराने वर्गा-खादेम व त्यांच्या सहकाऱ्यांनी या व्यक्तींना ओठ व जीभ यांच्या हालचालीही नीट साधत नाहीत, असे दाखविले. २००१ साली या दोषाचे मूळ सातव्या गुणसूत्रावरील फॉक्सपी-२ या जनुकात सापडले. येथवर वादाचे कारण नाही.

परंतु हे जनुक करते काय? त्यापासून बनणारे प्रथिन इतर जनुकांचे कार्य नियंत्रित करते. वाढत्या मेंदूत ते प्रमस्तिष्काच्या खोल थरांत व अनुमस्तिष्काच्या पुर्किन्ये पेशींत आढळते, फुप्फुसांतही आढळते. उंदरालाही हे जनुक असते, आणि उंदराला व्याकरण नाही.

जनुक बिघडताच वाणी बिघडते, एवढा पुरावा पुरेसा नाही काय, असे कोणी विचारील. त्यावरून जनुकाची आवश्यकता सिद्ध होते. भाषा त्यात साठविलेली आहे, हे सिद्ध होत नाही. ‘कविता’ या शब्दातून ‘क’ काढला तर शब्द मोडतो. म्हणून ‘क’ला कोणी कवितेचा वर्ण म्हणत नाही.

हीच गोष्ट सूत्रकृमीत अधिक स्पष्ट दिसते. त्याच्या उभयलिंगी प्राण्यात अवघ्या ३०२ चेतापेशी असतात. तेथे अन्क-८६ हे नियामक प्रथिन मेक-३च्या जोडीने स्पर्शग्राही पेशी घडविते. दुसऱ्या जोडीदारासह तेच सेरोटोनिन स्रवणारी पेशी घडविते. पेशीचा प्रकार ठरतो तो एकट्या जनुकाने नव्हे, तर नियामकांच्या संयोगाने. घटकाचे मूल्य संबंधांवरून ठरते, हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकास नव्याने सांगावयास नको.

म्हणून ‘वाणीच्या विकासास आवश्यक असे एक नियामक जनुक’ असेच लिहावे. शब्द लांबतो, हे खरे. परंतु ‘भाषेचे जनुक’ असे लिहिले की उत्तर सापडल्याचा भास होतो. आणि जनुकापासून पेशी, पेशींपासून मंडले, व मंडलांपासून आईचे बोलणे ऐकणारे मूल, हा सारा अभ्यासाचा मार्ग नजरेआड होतो.