'सामान्य प्रयत्न' आणि पंचाचा अधिकार : अटलांटा येथील २०१२ च्या वादग्रस्त निर्णयाची चिकित्सा

खेळाची नियमावली हीदेखील एक संहिता असते आणि पंच हा तिचा अर्थ लावणारा वाचक असतो. साहित्याच्या वाचकाला मागे वळून पुन्हा वाचण्याची मुभा असते. पंचाला ती नसते. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी अटलांटा येथील टर्नर फील्डवर अटलांटा ब्रेव्ह्ज व सेंट लुईस कार्डिनल्स या संघांत बेसबॉलचा बाद फेरीचा सामना झाला. त्यात पंच सॅम होलब्रुक यांनी दिलेल्या एका निर्णयावर अमेरिकेतील क्रीडासमीक्षकांनी व कायद्याच्या अभ्यासकांनी विपुल लिहिले. प्रस्तुत लेखात या वादाचा परामर्श घेतला असून, तो बव्हंशी गैरलागू मुद्द्यावर झाला असे प्रतिपादन केले आहे.

घटना थोडक्यात अशी. त्या वर्षी प्रथमच 'वाइल्ड कार्ड' संघांसाठी एकच निर्णायक सामना ठेवण्यात आला होता. १६२ सामन्यांच्या मोसमात ब्रेव्ह्जने ९४, तर कार्डिनल्सने ८८ सामने जिंकले होते. तरीही भवितव्य एका संध्याकाळवर येऊन ठेपले. आठव्या डावात ब्रेव्ह्ज ३-६ असे मागे होते. एक गडी बाद, पहिल्या व दुसऱ्या बेसवर धावपटू. अँड्रेल्टन सिमन्सने मारलेला चेंडू उंच उडून डाव्या बाजूच्या बाह्यक्षेत्रात गेला. शॉर्टस्टॉप पीट कोझमा मागे धावत त्याच्याखाली पोहोचला आणि ऐनवेळी, झेल मागून येणारा मॅट हॉलिडे घेईल या समजुतीने, बाजूला झाला. चेंडू दोघांच्या मध्ये पडला. पण त्यापूर्वी होलब्रुक यांनी हात वर करून 'इनफील्ड फ्लाय' जाहीर केले होते. तिन्ही बेस भरलेले आणि एक बाद अशी स्थिती व्हायची, तेथे दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर धावपटू आणि दोन बाद अशी झाली. प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या व कचरा फेकला, खेळ सुमारे २० मिनिटे थांबला. धावसंख्या शेवटपर्यंत ६-३ च राहिली.

या नियमामागील कारण समजून घेतल्याखेरीज वाद कळत नाही. बेसबॉलमध्ये चेंडू झेलला गेला तर धावपटूंना आपल्या बेसवर परतावे लागते. जमिनीवर पडला तर, मागून फलंदाज येत असल्यामुळे, पुढे धावणे भाग पडते. क्रिकेटमध्ये झेल सुटला म्हणून धाव घेण्याची सक्ती नसते, त्यामुळे मराठी वाचकाला हा पेच चटकन जाणवणार नाही. एखाद्या चतुर क्षेत्ररक्षकाने सोपा झेल मुद्दाम सोडला, तर धावपटू दोन्हीकडून अडकतात आणि एकाऐवजी दोन गडी बाद होतात. ही लबाडी रोखण्यासाठी १८९५ मध्ये हा नियम आला. अंतर्क्षेत्रातील खेळाडू 'सामान्य प्रयत्नाने' झेलू शकेल असा चेंडू असेल, तर तो झेलला जावो वा न जावो, फलंदाज बाद ठरतो आणि धावपटूंवरील सक्ती संपते. विल्यम स्टीव्हन्स यांनी १९७५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या विधी-नियतकालिकात, काहीशा मिश्कील सुरात, या नियमाच्या घडणीची तुलना इंग्लिश सामान्य कायद्याच्या विकासाशी केली होती. मिश्कील असूनही तो लेख आजवर गांभीर्याने वाचला जातो.

ब्रेव्ह्जच्या बाजूने सर्वाधिक वेळा मांडला गेलेला युक्तिवाद अंतराचा आहे : चेंडू बाह्यक्षेत्रात इतका खोल पडला, मग 'इनफील्ड' कसला? हा युक्तिवाद सर्वांत दुबळा आहे. गवताची कड ही मर्यादा मानू नये, असे नियमाच्या टिप्पणीतच सांगितले आहे. झेल कोठे पडतो याला महत्त्व नाही. तो कोण आणि किती सहजपणे घेऊ शकतो, हे पाहायचे असते. 'सामान्य प्रयत्न' म्हणजे त्या लीगमधील त्या जागेवरच्या सरासरी कौशल्याच्या खेळाडूचा प्रयत्न, अशी व्याख्याही दिलेली आहे. या कसोटीवर होलब्रुक यांचा निर्णय टिकू शकतो.

दुसरा युक्तिवाद हेतूचा. इतक्या दूरवरून दोन गडी बाद करणे दुरापास्त होते. लबाडीचा संभव नव्हता. ज्या संघाच्या रक्षणासाठी नियम आहे त्यालाच त्याचा फटका बसला. हे सारे खरे आहे. परंतु हेतू पाहून नियम लावायचा ठरवले, तर पंचाला प्रत्येक वेळी क्षेत्ररक्षकाच्या मनात डोकवावे लागेल, आणि तेच टाळण्यासाठी नियमकर्त्यांनी हेतूचा उल्लेख वगळून वस्तुनिष्ठ कसोटी ठेवली.

खरा आक्षेप वेळेचा आहे, आणि त्याच्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले. निर्णय तत्काळ द्यावा, अशी नियमाची अपेक्षा आहे. कारण ही घोषणा मुळात धावपटूंना दिलेली सूचना असते. होलब्रुक यांचा हात चेंडू जमिनीवर येण्याच्या जेमतेम क्षणभर आधी वर गेला. क्षेत्ररक्षक चेंडूखाली स्थिरावेपर्यंत थांबावे लागते, हे त्यांच्या समर्थकांचे उत्तर रास्त आहे. तथापि, झेलाची सहजता अखेरच्या क्षणीच दिसू लागत असेल, तर त्या प्रयत्नाला 'सामान्य' म्हणावे काय, हा प्रश्न त्या उत्तरातूनच उद्भवतो. साध्या मोसमात चार पंच असतात. बाद फेरीत बाह्यक्षेत्रात आणखी दोन उभे केले जातात. होलब्रुक त्यांपैकी एक होते. जेथे एरवी पंच उभाच नसतो, त्या जागेवरून हा निर्णय आला, हेही विसरून चालणार नाही.

ब्रेव्ह्जच्या तीन चुकीच्या फेकी, विशेषतः आपला अखेरचा सामना खेळणाऱ्या चिपर जोन्सची चौथ्या डावातील फेक, हेच पराभवाचे कारण होते, असेही म्हटले गेले. पराभवाची मीमांसा म्हणून ते मान्य करता येईल. निर्णयाच्या वैधतेशी त्याचा संबंध नाही.

पुढे २०१५ मध्ये न्यायाधीश अँड्र्यू गिलफर्ड यांनी सहलेखकासह हा नियमच रद्द करावा असे मांडले, तर विधीचे प्राध्यापक हॉवर्ड वॉसरमन यांनी त्याचे समर्थन केले. नियम टिकला. २०१४ पासून चित्रफीत पाहून फेरविचार करण्याची सोय विस्तारली, पण हा निर्णय तिच्या कक्षेबाहेरच राहिला. ब्रेव्ह्जने त्या रात्री नोंदवलेला औपचारिक निषेध जो टोरी यांनी, हा पंचाच्या विवेकाचा प्रश्न आहे, असे सांगून फेटाळला. नियमाचा अर्थ लावणे आणि वस्तुस्थितीचा अंदाज घेणे या दोन भिन्न क्रिया आहेत. त्यांना 'विवेक' या एकाच शब्दाखाली आणले की पहिलीची चिकित्साच थांबते. २०२० पासून तर सामन्याविरुद्ध निषेध नोंदवण्याची तरतूदच नियमावलीतून काढून टाकण्यात आली आहे.