प्रमाणपत्र, पडदा आणि दार : ‘दशक्रिया’च्या निमित्ताने

कलाकृतीवरील बंदीची चर्चा मराठीत बहुधा शासन आणि लेखक या दोन ध्रुवांमध्ये होते. १९७२ मधील ‘सखाराम बाइंडर’च्या न्यायालयीन लढ्यापासून ही मांडणी रूढ झाली आहे. चित्रपटाच्या संदर्भात मात्र ती अपुरी पडते, कारण येथे बंदी नसतानाही कलाकृती दिसेनाशी होऊ शकते.

‘दशक्रिया’ हे याचे बोलके उदाहरण होय. बाबा भांड यांच्या कादंबरीवर आधारलेल्या, संदीप पाटील दिग्दर्शित या चित्रपटात गोदाकाठच्या अंत्यविधींभोवतीचा अर्थव्यवहार एका गरीब मुलाच्या दृष्टीतून उलगडतो. परिनिरीक्षण मंडळाने त्यास प्रमाणपत्र दिले होते. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. नोव्हेंबर २०१७ मध्ये, प्रदर्शनाच्या तोंडावर, त्याविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने फेटाळली. तरीही ब्राह्मण संघटनेच्या विरोधानंतर पुण्यातील काही चित्रपटगृहांनी त्याचे खेळ रद्द केले. मंडळ, परीक्षक आणि न्यायालय यांच्या होकारावर चित्रपटगृहाच्या व्यवस्थापनाचा नकार भारी ठरला.

कादंबरी वाचकांच्या हाती होती, तेव्हा असा प्रसंग ओढवला नव्हता. आशयसूत्र तेच असता हा भेद का पडावा? त्याचे उत्तर माध्यमाच्या भौतिकतेत शोधावे लागते. कादंबरीचा वाचक एकाकी आणि विखुरलेला असतो. त्याला अडवावयाचे तरी कोठे? चित्रपटाचा प्रेक्षक ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दाराशी जमतो. त्या दाराला काचा असतात, आत कर्मचारी असतात, शेजारच्या पडद्यावर दुसरा चित्रपट चाललेला असतो. मोजक्या खेळांचा मराठी चित्रपट काढून दुसरा लावणे व्यवस्थापकास सोपे आणि स्वस्त पडते. या निर्णयाला कारणे नोंदवावी लागत नाहीत, म्हणून त्याविरुद्ध दादही मागता येत नाही.

दुसरा मुद्दा ग्रहणाच्या क्रमाचा आहे. याउस यांच्या विवेचनात संहिता वाचकाच्या अपेक्षांच्या क्षितिजाला धक्का देते. येथे क्षितिजच संहितेला आत येऊ देत नाही. निषेध झलकेवरून होतो आणि निषेधाचा अर्थ संहितेचा अर्थ म्हणून प्रचलित होतो.

विधीतील व्यवहार उघड करणे हाच श्रद्धेचा अवमान, असे विरोधामागील गृहीतक दिसते. लोकपरंपरेचा दाखला निराळा आहे. तुळजापूर तालुक्यातील अणदूर आणि नजीकचे नळदुर्ग यांत खंडोबाची मूर्ती वर्षातून आलटून पालटून वास्तव्य करते आणि त्यासाठी दोन्ही गावांकडून लेखी करार होतो. देवाच्या मुक्कामाची कागदोपत्री नोंद केल्याने तेथील श्रद्धेला बाधा आलेली नाही. तेव्हा आक्षेप व्यवहार दिसण्याला असतो, की तो कोणाच्या नजरेतून दिसतो त्याला, हा प्रश्न विचारावयास हवा.

कायद्याची भूमिका याबाबत संदिग्ध नाही. राखीव जागांच्या प्रश्नावरील ‘ओरे ओरु ग्रामत्तिले’ या तमिळ चित्रपटासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच निःसंदिग्धपणे सांगितले होते, की निदर्शनांच्या वा हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्तीचा संकोच करता येत नाही. तिचे रक्षण करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. तरीही डिसेंबर १९९८ मध्ये मुंबईत ‘फायर’च्या खेळांवर हल्ले झाले आणि चित्रपट मंडळाकडे परत गेला. पुढे १९९९ मध्ये तो काटछाटीविना पुन्हा मंजूर झाला. म्हणजे संहितेत बदलण्याजोगे काही नव्हते, बदलावयाची होती ती दारापुढील परिस्थिती.

हा विलंब सर्वांना सारखा भोवत नाही. महानगरातील प्रेक्षकाला चित्रपट पुढेमागे गाठता येतो. अणदूरसारख्या गावातील प्रेक्षकाच्या दृष्टीने मात्र पहिल्या आठवड्यात मागे घेतलेला चित्रपट पुष्कळदा निर्माणच न झाल्यासारखा ठरतो. मराठी समीक्षेने नियंत्रणाचा विचार मंडळाच्या कात्रीपाशी थांबवला, तर प्रत्यक्ष नियंत्रण जेथे घडते ते ठिकाण तिच्या दृष्टीबाहेरच राहील. आणि जो चित्रपट पाहावयासच मिळाला नाही, त्याची समीक्षाही होणार नाही.