भोळ्या नायकाची दोन रूपे

विनोदी चित्रपटातील ठरावीक पात्र म्हणजे व्यक्तिचित्रणातील उणीव, हा समज लिओनिद गायदाय यांचा ‘ऑपरेशन वाय’ (१९६५) आणि दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ (१९७१) शेजारी ठेवले असता टिकत नाही. गायदाय यांचा शुरिक चष्मा लावणारा, सालस विद्यार्थी. बांधकामावर त्याची गाठ शिक्षा म्हणून कामाला आलेल्या आडदांड फेद्याशी पडते. अखेरीस शुरिकच त्याला छडीने वठणीवर आणतो. भोळेपणा येथे श्रमाच्या नीतीचा पाईक ठरतो. कोंडके यांचा नाम्या तमाशाच्या नादाने आईच्या घराला पारखा होतो. त्याचा भोळेपणा प्रतिष्ठेलाच उघडे पाडतो. एकाचा विनोद व्यवस्थेला सावरतो, दुसऱ्याचा तिच्या दारात उभा राहून हसतो.

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवडच्या शिवारांत कारखाने वाढत गेले. गाव सोडून पाळीवर रुजू झालेल्या कामगाराला शुरिकची शिस्त कारखान्यातच भेटत होती. घर दुरावलेला नाम्या मात्र त्याच्या हरवलेल्या गावाची खूण ठरू शकत होता. ठरावीक पात्राची तथाकथित पोकळी ही अशी प्रेक्षकाच्या अनुभवासाठी राखलेली जागा असते. ती रिकामी म्हणून नाकारणारी समीक्षा पात्राला नव्हे, त्या प्रेक्षकालाच नाकारते.